अर्धा कप

मामांच्या घरात चहाचा कप कधी काठोकाठ भरत नाहीत. हात थरथरला तरी सांडू नये आणि चारचौघांत दिसू नये, म्हणून अर्धाच. मामांच्या वडिलांचे हात पन्नाशीत हलू लागले. मग मान, मग जीभ, शेवटी माणसांची ओळखही गेली. मामांच्या थोरल्या भावाचंही तेच झालं. रोग रक्तातला.

मामा म्हणजे दोन खुर्च्यांच्या सलूनचे मालक. गिऱ्हाइकं त्यांना मामाच म्हणतात. आताशा वस्तरा ते कारागिराकडे देतात, स्वतः कात्री धरतात.

"मामा, माझी दाढी तुम्हीच करा की," एखादं जुनं गिऱ्हाईक म्हणतं.

"तुझी दाढी म्हणजे तारेचा ब्रश. माझा वस्तरा फुकट जायचा."

मामांनी तपासणी कधी करून घेतली नाही. लेकीने घेतली, दोष निघाला. तिच्या आईच्या घराण्यात हा रोग नाही. म्हणजे लेकीच्या निकालात मामांचाही निकाल लागला. त्यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

लेकीला मूल हवं होतं. प्रयोगशाळेत तयार केलेल्या तिच्या सगळ्या गर्भांत दोष आढळला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवा प्रयोग सुचवला: गर्भातलं बिघडलेलं जनुकच कापून दुरुस्त करायचं. जमलं, तर पुढच्या पिढ्या सुटतील. भलतीकडेच काप गेला, तर ती चूकही पिढ्यान्‌पिढ्या उतरेल. उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं.

"केस चुकीचे कापले तर महिन्यात वाढतात," मामा म्हणाले. "हे नाही वाढायचं. आणि त्या पोराला कोणी विचारलंय?"

"मला विचारलं होतंत?" लेक म्हणाली. "आजोबांचे हात तुम्ही पाहिले होते, बाबा."

"तेव्हा कुठे असल्या तपासण्या होत्या?"

"भीती तर होती ना?"

लेक उठली, चहा ओतून आणला. कप काठोकाठ भरलेला होता. "घ्या," म्हणून ती समोर बसली.

मामांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले आणि वाकून कपाला ओठ लावले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यापासून. आईला सांगू नकोस."

ती म्हणाली, "उद्या हो म्हणून कळवते."

"भीती नाही वाटत?"

"वाटते. पण ही ओळखीची भीती मी नाही देणार कुणाला."

"आणि अनोळखी दिलीस तर?"

तिने कप त्यांच्याकडे आणखी थोडा सरकवला.

"दवाखान्यात मी येतो सोबत," मामा म्हणाले. हात अजून टेबलाखालीच होते.