काचेजवळचं टेबल

आमच्याकडं हॉटेलात बाईमाणसाची जागा ठरलेली असायची. आत, मोरीशेजारी, मळकट पडद्यामागं. वर पाटी ‘फॅमिली रूम’. तिथं पंखा नसायचा, माश्या मात्र भरपूर. लग्न होऊन अंबडहून जालन्याला आले, तेव्हापासून मी त्या पडद्याकडं तोंड करूनच डोसा खात आले होते.

दोन हजार सालानंतर कधीतरी नवीन जालन्यात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कॉफीचं झकपक दुकान निघालं. रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची, गादीच्या खुर्च्या, मंद दिवे. फॅमिली रूम नव्हतीच. मी बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरीला होते. एका शनिवारी ऑफिस लवकर सुटलं, तशी सरळ आत गेले. काचेजवळ एकच टेबल होतं, तिथं बसले. एकटी. रिक्षावाले वळून वळून बघत होते. बघा म्हटलं, काय बघायचं ते.

कॉफी आली. वर नुसता फेस, खाली कडूजहर.

दोन घोट झाले असतील, तोच काचेपलीकडं मोटारसायकल थांबली. माझे मोठे दीर. आमच्यात मोठा दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. ती समोर असली तरी निरोप तिसऱ्याच्या तोंडून. आणि ते आले की तिनं पदर घेऊन उठायचं.

ते आत आले आणि माझ्याकडं न बघता गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाले, “ह्यायला म्हणावं, घरी चला. सगळा रस्ता बघून राह्यला.”

दुकानात माझ्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तरी तो बिचारा गोंधळला. “कुणाला म्हणू, साहेब?”

मला हसू आलं, पण राग त्याहून मोठा होता. इतकी वर्षं या माणसाला तव्यावरची गरम भाकरी वाढली, आणि माझ्याशी एक शब्द बोलायला त्याला परका माणूस लागतो! मी पदर घेतला नाही. उठलेही नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्याकडं बघून बोलले.

“दादा, माझी कॉफी राह्यली अजून. तुमी व्हा पुढं. न्हाईतर बसा, तुमच्यासाठी बी सांगते.”

बसतात कसले! कानापर्यंत लाल होऊन निघून गेले. मी मात्र कप रिकामा करूनच उठले.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. नवऱ्यानं मधला मार्ग काढला. “जायचं तं जा, मी कुठं न्हाई म्हणतो? पण जरा आतल्या अंगाला बसत जा.”

म्हणजे पडदा आता मीच सोबत न्यायचा.

पुढच्या शनिवारी गेले, तर काचेजवळ कॉलेजची पोरं गप्पा हाणत बसलेली. आतली टेबलं सगळी रिकामी. गल्ल्यावरच्या माणसानं अदबीनं आत हात दाखवला. मी नको म्हटलं, आणि पोरं उठेपर्यंत तिथंच उभी राहिले.