धरायला काही नसलेली गाडी

भात झोडत होतो. सुभद्रा, आमची मंडळी, खळ्याच्या कडेनं पेंढ्या पुढं सरकवत होती. मध्येच खाली बसली. म्हणाली, "आवो, छातीत भरून आल्यावानी वाटतंय. वाईच पाणी द्या." तोंड बघितलं आणि मला कळलं की हे पाण्याचं काम नाही. लेकाला हाक मारली. रामदास पळत आला, तिला दोघांनी धरून अंगणात आणली. अंगणात त्याची विजेवरची गाडी उभी होती, पांढरी, नवी दिसणारी. तो दाराशी गेला आणि तिथंच थांबला. दाराला कडी नाही. कडी दाराच्या पोटात असते, वीज असली तर बाहेर येते. ती येईना. मोबाईल दाराला लावून झाला, हात मारून झाला... येईना. शेवटी त्यानं दगड उचलला, तेव्हा सुभद्रा ओट्याला टेकून म्हणाली, "काच फोडू नगं रं, नवी हाय." हे तिचं शेवटचं बोलणं. त्यानं काच फोडली, आत हात घालून आतल्या खटक्यानं दार उघडलं, पण गाडी मेलेलीच. मग शेजारच्या बबनला शेतातून बोलावलं, त्याची जीप काढली. नसरापूरच्या दवाखान्याच्या अलीकडंच सुभद्रा गेली.

आता महिना उलटून गेला. येणारा जाणारा मला सांगतो, "वेळ आली व्हती, आण्णा." डॉक्टरही म्हणाले, लवकर आणली असती तरी सांगता येत नाही. बरं, नसेल सांगता येत. मी म्हणत नाही की गाडीनं तिला मारलं. मी म्हणतो, दार उघडायला पायजे होतं. माणूस जगो नाहीतर मरो, दाराचं काम उघडायचं. एवढं कळायला कुठली मोठी शाळा लागते?

ही गाडी आमच्या दारात आली ती गेल्याच्या गेल्या दसऱ्याला. रामदास हायवेच्या पलीकडच्या विजेच्या गाड्यांच्या कारखान्यात होता, दारं बसवायच्या खात्यात. तिथल्या कामगारांना गाडी सवलतीत मिळायची. आमच्या पासली गावात तसली गाडी कुणी बघितली नव्हती, सगळी आळी गोळा झाली. सुभद्रा ताट घेऊन गाडीभोवती एक फेरा फिरली आणि म्हणाली, "दार कुठनं उघडायचं रं हिचं?" रामदास जवळ गेला तशी कडी आपोआप बाहेर आली. ही म्हणाली, "लाजत व्हती व्हय? नवरीच हाय." मग तिनं हळद-कुंकू लावलं. पुढं लावलं, मागं लावलं, आणि मागचं बघायला गाडीला एक काचेचा डोळा होता त्यावर चांगला बोटभर टिळा ओढला. झालं! गाडी मागं घ्यायला गेला तर ती किंचाळायला लागली, जागची हलेना. रामदास हसून हसून बेजार. सदऱ्याच्या टोकानं डोळा पुसायला लागला तर ही ओरडली, "समदं पुसू नगं, अपशकून हुईल." मग तिनं डोळ्याच्या बोटभर वर पुन्हा टिळा लावला, तेव्हा गाडी चालली. तो टिळा अजून तिथं आहे.

पहिल्याच दिवशी गाडी वेल्ह्याला मेंगाईदेवीच्या दर्शनाला नेली. वळणावळणाला ही एकदा माझ्या अंगावर, एकदा दारावर. वर कडी नाही, पुढं दांडा नाही, सगळं गुळगुळीत. म्हणाली, "हिला धरायलाच काय न्हाई. यस्टीत निदान दांडा तरी असतोय." घरी येऊन तिनं जुन्या लुगड्याचे काठ फाडले, त्यांची वेणी घातली आणि पुढच्या खुर्चीच्या मानेला फास करून बांधली. रामदास म्हणाला, "आई, शोभा जाती गाडीची. सायबांनी मुद्दाम समदं साफ ठिवलंय." ही म्हणाली, "तुज्या सायबाची आय कदी घाटात बसली न्हाई."

या पावसाळ्यात त्याला कामावरून काढलं. आदल्या दिवसापर्यंत कुणी तोंडातून चकार शब्द काढला नाही. नेहमीसारखा पाळीला गेला, गेटवर कार्ड लावलं, गेट उघडेना. तिथला वॉचमन रोज त्याच्या डब्यातली भाकरी खायचा, त्यानं मान वर केली नाही. असे लई जण त्या गेटवर उभे होते. गाड्या खपत नाहीत म्हणे. खपतील कशा? अन् ज्यानं कडी नको म्हणून सांगितलं, तो साहेब अजून खुर्चीत आहे. काढलं कुणाला, तर दारं बसवणाऱ्याला. रामदास यस्टीनं घरी आला, डबा तसाच भरलेला. सुभद्रानं डब्यातली भाजी गरम केली, त्याला वाढली, मग परसात येऊन मला म्हणाली, "दारं बसिवणाऱ्याला दारातच अडीवला, मुडद्यांनी." तिच्या तोंडून शिवी मी क्वचितच ऐकली.

गाडीत दोन बॅटऱ्या असतात हे मला नंतर कळलं. मोठी भरलेली होती, धाकटी उतरली होती, आणि दारं धाकटीवर. म्हणजे घरात धान्याची कणगी भरलेली आणि चूल पेटवायला काडी नाही. धाकटी उतरते म्हणून रामदासनं कंपनीला कितीदा फोन लावला. एक बाई गोड आवाजात थांबा म्हणायची, पुढं कुणी यायचं नाही. दुरुस्तीला येणारे पोरगेही याच्याबरोबरच काढले होते.

सुभद्रा गेल्यापासून रामदास गाडीकडं तोंड करून ओट्यावर बसायचा. जेवायला बोलावलं तर म्हणायचा, "आण्णा, ती दारं म्या बसिवली."

मी म्हणालो, "बसिवलीस. पर कडी नगं आसं तू म्हणला व्हतास का?"

"न्हाई. आमी इचारलं व्हतं, वीज गेली तर कसं? म्हणले, जाणारच न्हाई."

"मग तुजं काय चुकलं?"

"आई फोडू नगं म्हणली, आन म्या काच फोडली."

मी त्याच्याशेजारी ओट्यावर बसलो.

गेल्या आठवड्यात मी फुटक्या काचेतून हात घातला आणि ती काठाची वेणी सोडली. गाठ सुटता सुटेना, तिची गाठ तशीच असायची. आमच्या परसदाराची कडी केव्हाच निखळली होती. सुभद्रा रोज टोमणा मारायची, "लेक कंपनीत दारं बसिवतोय आन हितं घरात कडी न्हाई." त्या कडीच्या भोकातून ती वेणी ओवली आणि तसाच फास करून ठेवला.

काल रामदास म्हशीची धार काढून आला. एका हातात चरवी. नेहमीसारखा परसदाराच्या फटीत बोटं घालायला गेला, मग वेणी दिसली. तिच्यात हात घातला, ओढली. दार उघडलं. तो तिथंच उभा राहिला, वेणी हातात धरून... चरवीतलं दूध हिंदकळून पायरीवर सांडलं.

मग आत आला आणि म्हणाला, "आण्णा, भूक लागलीय."