हेडमास्तरांचं गार पाणी

“थंडीत माणसं काय अंघोळ सोडतात का, असं विचारताय साहेब? सोडतात! चांगली शिकलीसवरलेली सोडतात. दोन तांबे पाणी खांद्यावर ओततात, ‘हूहू’ करत बाहेर येतात, केस ओले दिसावेत म्हणून वर हात फिरवतात. मला काय सांगता? एकोणीस वर्षं मी त्यांच्या मीटरची झाकणं उघडतेय.”

पाणीखात्याच्या ऑफिसात, नव्या साहेबाच्या टेबलासमोर उभी राहून मीटरबाई हे बोलत होती. साहेबाला येऊन दोन महिने झाले होते. रस्त्यावर एक पाऊल पडलं नव्हतं, पण कॉम्प्युटरमधून रंगीत तक्ते काढण्यात गडी तरबेज. त्याच्या तक्त्यात मीटरबाईच्या लाइनीतली दोनशे चाळीस घरं होती. ज्या घराचा आकडा उन्हाळ्यात महिन्याला एकतीस युनिट, त्याचाच थंडीत सतरा.

“घर तेच, माणसं तीच, तोंडं तीच,” साहेब म्हणाला. “मग निम्मं पाणी गेलं कुठं? तुम्ही थंडीत घरी बसून आकडे भरता, बाई.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण साहेबाचा हुकमाचा पत्ता पुढंच होता. “आणि हे एकच घर बघा. सगळ्यांचा आकडा थंडीत उतरतो, ह्याचा चढतो. घाईत चुकून टाकलात ना? उद्या मी स्वतः येतो. खोटं निघालं तर लाइन काढून घेणार. टपालावर शिक्के मारत बसा.”

ते घर हेडमास्तरांचं होतं.

शिक्के मारत बसणं मीटरबाईला परवडणारं नव्हतं. नवरा रंगारी, आठ महिने शिडीवर आणि चार महिने खाटेवर. सून तोंडाळ. घरात तिचं कुणी ऐकत नसे. ती राणी होती ती बाहेर, हातात लोखंडी सळई घेऊन निघाल्यावर. नोकरी लागली तीही तशीच. परीक्षेला तिघे बाप्ये आले होते. मीटरच्या पहिल्या खड्ड्याचं झाकण उघडताच मूठभर झुरळं वर आली आणि तिघंही उड्या मारून मागं झाले. हिनं पदरानं झुरळं झटकली, काच पुसली आणि आकडा वाचला.

तेव्हापासून तिनं माणसं वरून पाहणं सोडून दिलं. खड्ड्यातून जसं माणूस दिसतं तसं दारातून दिसत नाही, असं तिचं ठाम मत. ऊन तापलं की टाकी तापते, नळाला हात लावला की चटका बसतो, मग गार धार यावी म्हणून अर्धी बादली आधी मोरीत. दोनदा अंघोळ, तीनदा कपडे. खिडकीतला कूलर म्हशीसारखं पाणी पितो. वकिलाची बायको रोज संध्याकाळी अंगणातल्या फरशीला पाणी पाजते, जणू फरशीला पालवी फुटणार आहे. शेजारचा पाइप लावून गाडी धुतो. सुट्टीला पाहुणे येतात, तेही धुतले जातात. पाऊस लागला की बागेचं पाणी बंद. कपडे वाळत नाहीत म्हणून धुण्याला दांडी. आणि थंडी आली की हीच सगळी टापटिपीची माणसं तीन दिवस एकच शर्ट घालतात आणि वर अत्तर मारतात. आकडा उतरतो तो असा. यात साहेबाला कोडं पडावं म्हणजे हा स्वतः अंघोळ करतो की नाही, असाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी नऊला साहेब आला. पायात चकचकीत बूट, नाकावर रुमाल. हेडमास्तरांचं घर तीन मजली, गच्चीवर उन्हावर पाणी तापवायची टाकी. फाटकावर सुवाच्य अक्षरांत पाटी: ‘पाण्याचा प्रत्येक थेंब वाचवा’.

“असल्या माणसाचं पाणी वाढेल?” साहेब पाटी वाचून म्हणाला.

“पाटी त्यांनी गल्लीसाठी लावलीय,” मीटरबाई म्हणाली. “थांबा जरा. साडेनवाला अंघोळ असते.”

तिनं झाकण उचललं, फडक्यानं काच पुसली. आतलं लाल चक्र गप्प होतं. घराच्या कडेला मोरीचा पाइप गटारात उघडत होता, तिथं तिनं साहेबाला उभं केलं. थोड्या वेळानं आत कडी वाजली आणि चक्र गरगर फिरायला लागलं. पाइपातून धो धो पाणी पडू लागलं.

“हात लावा,” ती म्हणाली.

“गटारात?”

“पाणी नितळ आहे. साबणाचा फेस नाही, मळ नाही. लावा.”

साहेबानं दोन बोटं लावली आणि झटकन काढली. “गार आहे!”

“गारच असणार. टाकी गच्चीवर, मोरी तळाला. रात्रभर पाइपात थिजलेलं सगळं पाणी आधी खाली यायचं, मग ऊन. तोवर मास्तर धारेखाली बोट धरून उभे असतात.”

आतून ओरडा आला, “अजून गारच आहे गं!” कुणाला सांगत होते देव जाणे. चक्र फिरत होतं. मीटरबाई बोटांवर मोजत होती. एक बादली, दोन, तीन. चौथीला धारेतून वाफ निघाली, मग फेस आला, आणि दोन तांब्यांत सगळं आटोपलं.

हेडमास्तर टॉवेल गुंडाळून दारात आले. साहेब चाचरत म्हणाला, “सर, तुम्ही बरंच पाणी सोडून देता.”

“मी?” हेडमास्तर ताठ झाले. “मी आयुष्यात पाणी सोडलेलं नाही. सोडतो ते गार. गार पाण्याचं थंडीत करायचं काय?”

“खाली बादली लावायची,” मीटरबाई म्हणाली. “झाडांना घालायचं.”

“थंडीत झाडांना कशाला पाणी? डोकं आहे का?” म्हणत त्यांनी दार लोटलं.

साहेब बंद दाराकडं बघत राहिला. “मग उन्हाळ्यात यांचा आकडा कमी कसा?”

“दोन महिने मुलीकडं जातात. तिकडं तिचं पाणी ओततात.”

साहेबानं बोटं रुमालाला पुसली. चूक झाली म्हणायला त्याची जीभ वळणार नव्हतीच. तेवढी लवचिक जीभ असती तर तो तक्ते काढत बसला नसता. “लाइन तुमच्याकडंच राहू द्या,” तो म्हणाला. “पण पुढच्या महिन्यापासून आकड्याशेजारी कारण लिहायचं. प्रत्येक घराचं. व्यवस्थित.”

“खरं लिहू?”

“म्हणजे?”

“दोनशे चाळीस घरांत कोण किती दिवसांनी न्हातं, ते सगळं?”

साहेब बूट सांभाळत, गटार ओलांडून निघून गेला. मीटरबाईनं त्याच्या पाठीकडं एकदा पाहिलं, वहीत आकडा लिहिला, झाकण पायानं दाबून बसवलं आणि वकिलाच्या घराकडं वळली. तिथलं झाकण चिखलानं घट्ट बसलं होतं. तिनं सळई खाचेत घातली, पाय रोवला आणि जोर लावला.