धाकटीच्या हृदयाची झडप

अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. मूलपेशींचा भाग मला फार आवडायचा. कोणतंही रूप घेऊ शकणाऱ्या या पेशींपासून उद्या हृदयाच्या झडपासुद्धा वाढवता येतील, असं मी वर्गात रंगून सांगायचे. माझ्या धाकट्या बहिणीची झडप खराब असल्याचं कळलं त्या वर्षीही सांगितलं होतं.

बहीण अमरावतीजवळच्या वलगावला दिलेली. नवऱ्याच्या बरोबरीनं झेंडू आणि शेवंती लावायची, तोडणी करून अमरावतीच्या बाजारात पाठवायची. लहानपणी तिला घसादुखीनंतर ताप आला होता, गुडघे सुजले होते. असा ताप पुन्हा आला तर हृदयाच्या झडपा खराब होतात, म्हणून डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं. मी तिला सायकलवर मागे बसवून न्यायचे. मग मी शिकायला बाहेर पडले आणि इंजेक्शनं थांबली. ती बरी दिसत होती, घरात कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. चोविसाव्या वर्षी फुलांची टोपली उचलताना तिला धाप लागू लागली.

नागपूरच्या सर्जननी दोन पर्याय सांगितले. धातूची झडप टिकाऊ, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची, आणि त्या गोळीवर बाळंतपण जोखमीचं. डुकराच्या ऊतीची झडप बसवली तर ती गोळी जन्मभर लागत नाही, पण इतक्या तरुण वयात ती झडप काही वर्षांतच कडक होते. मग पुन्हा छाती उघडायची.

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, आपल्याच पेशीची झडप करता येते, असं तू पोराइले शिकवतं ना? मंग माह्यी काहून नाई करत?"

मी सर्जनकडे पाहिलं. ते वैतागले नाहीत. म्हणाले, "मॅडम बरोबर शिकवतात. विरघळणारा सांगाडा घ्यायचा, त्यावर पेशंटच्याच पेशी रुजवायच्या. मेंढ्यांमध्ये करून पाहिलंय. काही झडपा चालल्या, काहींच्या पाकळ्या आखडून रक्त मागे गळू लागलं. तुमच्या बहिणीला बसवावी अशी झडप आज माझ्याकडे नाही."

"डुकराची तं डुकराची," बहीण म्हणाली. "लेकरू तं होईन."

लेकरू झालं. मुलगी. ती दुसरीत गेली त्या वर्षी बहिणीला पुन्हा धाप लागू लागली.

मधल्या वर्षांत या विषयावरचं जे हाती लागेल ते मी वाचत होते. प्रत्येक लेखाच्या शेवटी परिणाम आशादायक असायचे. तो शब्द दिसला की मी मोबाइल बाजूला ठेवायचे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख ठरायच्या आधी बहिणीचा नवरा माझ्याकडे अकोल्याला आला. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या एका केंद्राची जाहिरात त्यानं मोबाइलवर दाखवली. हाडातल्या मूलपेशी काढून हृदयात टोचणार, झडप आपोआप दुरुस्त होणार, कापाकापी नाही.

"हे करू नका," मी म्हणाले.

"काहून? तुमीच शिकवता ना, ताई?"

"असं टोचून झडप नवी होत नाही. संशोधन वेगळं आहे, ते अजून चालू आहे."

"मंग कवा होईन?"

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाला, "तुमी शिकेल हा. तुमी नाई म्हनलं तं मी कोनाले विचारू?" चहा तसाच ठेवून तो उठला. जाहिरात खोटी होती याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण ती हिसकावून घेतल्यावर त्याच्या हातात ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

या वेळी धातूची झडप बसली. शस्त्रक्रिया पार पडली, बहीण घरी आली. आता रोज गोळी, आणि रक्त किती पातळ झालंय हे बघायला नेमानं अमरावतीची फेरी. तिला दुसरं मूल हवं होतं. त्याबद्दल ती आता बोलत नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी, तोडणीच्या ऐन घाईत, तिच्या हाताला विळा लागला. सकाळचे दहा वाजले असतील, मी वर्गातून बाहेर येत होते. नवऱ्याचा फोन आला. "ताई, रक्त थांबूनच नाई राह्यलं."

"स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हात वर ठेवा. लगेच गाडी काढा आणि अमरावतीला न्या. ती कोणती गोळी घेते, ते डॉक्टरांना आधी सांगा."

"धरून राह्यलो, ताई. तुमी येता का?"

मी अकोल्यात, ते वलगावला. मी अर्धं अंतर कापायच्या आत ते अमरावतीच्या दवाखान्यात पोचले असते. तरी निघते म्हणाले आणि फोन कानाला लावूनच स्टँडकडे चालू लागले. पलीकडे तो तिला सांगत होता, "ताई येऊन राह्यली, ताई येऊन राह्यली." मी पोचले तेव्हा टाके घालून झाले होते, रक्त थांबलं होतं, आणि ती झोपली होती.