पयला माजा

खुर्चीत बसण्याआधीच चाचांच्या डाव्या हाताची बाही कोपराच्या वर गेलेली असायची. मग हात टेबलावर सरळ ठेवून म्हणायचे, "घे गो बाय, पयला माजा."

आजारी ते नव्हते. आजारी होते त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेले बाबा. मी कुवेतमध्ये शर्क भागातल्या एका लहानशा दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. बाबा म्हणजे ऐंशी ओलांडलेले कुवेती गृहस्थ, आणि हे त्यांच्या घरी वीसेक वर्षं कामाला असलेले, रत्नागिरीच्या खाडीकाठचे. मी त्यांना चाचा म्हणायचे. इथे घरात काम करणारे सगळेच मालकाला बाबा म्हणतात, म्हणून आमच्या दवाखान्यातही ते बाबाच झाले होते.

बाबांना हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. त्यामुळे महिन्यातून एकदा तपासणी. आणि हा एवढा दांडगा माणूस, ज्याच्या आवाजाने म्हणे एकेकाळी अख्खं गोदाम गप्प व्हायचं, तो सुईला लहान पोरासारखा भ्यायचा. लहानपणी वडिलांच्या व्यापारापायी मुंबईत राहिल्यामुळे त्यांना मुंबईची हिंदी यायची. चाचांकडे बोट दाखवून म्हणायचे, "पहले उसका."

बरं, नुसतं टोचल्यासारखं करून भागायचं नाही. बाबा डोळे वटारून बघत असायचे. नळी भरलेली दिसली पाहिजे! मग मी चाचांचं नळीभर रक्त काढायचे, ते बघून बाबांना धीर यायचा, आणि ते मान फिरवून हात पुढे करायचे. दोघं गेले की चाचांची नळी कचऱ्याच्या डब्यात. एकदा मी चिडून म्हटलं, "चाचा, तुमचं रक्त म्हणजे काय नळाचं पाणी आहे?"

"अगो, उपसल्याबिगर विहिरीला पाणी येतं काय?" ते म्हणाले आणि खिशातली लवंग तोंडात टाकून हसले.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या एक पाऊल पुढे चालण्यात जातं. बाबांचा चहा आधी चाचा चाखणार. अंघोळीच्या पाण्यात आधी त्यांचा हात. नवी चप्पल आणली तरी आधी चाचा घालून दोन फेऱ्या मारणार. मी थट्टा केली की म्हणायचे, "होडी किनाऱ्याला लावताना पयला एक जण उतरतो ना पाण्यात, खोली बघाया? तसा मी." मी चिपळूणची, त्यामुळे आमच्या नदीत मासे नसून नुसता चिखलच आहे हे मला महिन्यातून एकदा ऐकावं लागे.

आता गंमत ऐका. कुवेतमध्ये आम्ही सगळे थंडीची चातकासारखी वाट बघतो. उन्हाळ्याने भाजून निघालेला जीव तेव्हा कुठे बाहेर पडतो, लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात. आणि नेमके तेव्हाच हे बाबा स्पेनला, मालागाला पळायचे. इथली कोरडी थंडी त्यांच्या गुडघ्यांत शिरायची. तिथे समुद्रासमोर त्यांच्या मुलाचं घर होतं. नऊ हिवाळे गेले, आणि नऊही हिवाळे चाचा बरोबर.

"नशीब काढलंत चाचा," मी म्हणायचे. "आम्ही मेले अब्बासियाच्या वस्तीतल्या दोन खोल्यांत बसून युरोप फोटोत बघतो."

"गोड हवा हाय बाय. जाम गोड." आणि लगेच, "म्हणून तर भ्या वाटतं."

हे काय नवीन? तर म्हणाले, "कुवेतचा ऊन सांगून मारतो. दार उघडलं की थोबाडीत देतो, माणूस सावध ऱ्हातो. तिथली हवा पाठीवर हात फिरवते. हवा गोड असली ना, की आपण दार लावून घ्यायचं."

त्यांच्याकडून ऐकलेलं ते शहर माझ्या डोळ्यांसमोर अजून जसंच्या तसं आहे. उन्हाळ्याचे पाहुणे निघून गेलेले. इमारतीतल्या सगळ्या खिडक्यांच्या झडपा लावलेल्या, आणि एवढ्या मोठ्या इमारतीत संध्याकाळी दिवा लागायचा तो फक्त यांच्याच घरात. रस्त्याच्या दोन्ही कडांना नारिंगांची झाडं, फळांनी लगडलेली. खाली सडा. आणि उचलायला कुणी नाही. पहिल्याच वर्षी बाबांनी फर्मावलं, एक खाऊन बघ. चाचांनी फोड तोंडात घातली ती कडूजहर! "रस्त्यावर येवढी फळं पडलीत नि पोरंसोरं शिवत नायत, तवाच समजाया हवं होतं," म्हणाले. काही सकाळी समुद्रावरून धुकं चालत यायचं, लाटेचा आवाजही गिळून टाकायचं. मग बाबा खिडकीत बसून म्हणायचे, जा, समुद्र आहे का बघून ये. चाचा जिना उतरून जायचे, पाण्यात पाय बुडवायचे आणि परत येऊन सांगायचे, आहे.

त्यातली चार-पाच नारिंगं ते दरवर्षी माझ्यासाठी आणायचे. मी त्यांचं लोणचं घालायचे. गूळ कितीही घाला, कडवटपणा जायचा नाही.

एकदा प्रवासाच्या आधी मी सहज विचारलं, "बॅग भरली का?" तर चाचांनी बाबांकडे बघून आवाज खाली आणला. "बॅगेच्या तळाला काय असतं ठावूक हाय? बाबांचं कफन."

हज करून येताना बाबांनी ते कापड आणलं होतं, मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. बाबा जातील तिथे ते जायचं. बॅग भरायचा मान चाचांचा, त्यामुळे त्या कापडाला हात लावायचा अधिकारही त्यांचाच. दरवर्षी घडीसकट ऊन दाखवायचं, आतला कापूर बदलायचा, की पुन्हा तळाला. "मेल्याबिगर ती घडी कोण उघडणार नाय," म्हणाले. "बाबांनी माज्याकडून कबूल करून घेतलंय, तिथं काय झालं तर मना तिथं ठेवू नको, घरी घेऊन ये." मग लवंग चघळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मना पन नाय ऱ्हायाचं तिथं, बाय. हवा किती पन गोड असू दे."

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर दोघं आले. नेहमीप्रमाणे पयला माजा झालं, मग बाबांचं झालं. बाबांच्या हातावर मी कापूस दाबून धरला. रक्त पातळ करायची गोळी घेणारा माणूस, त्याला वेळ लागतोच. पण बाबांचं थांबलं आणि चाचांचा कापूस बघते तो लालभडक. दुसरा लावला. तिसरा लावला. चाचा बोलण्यात रंगले होते, त्यांचं लक्षही नव्हतं. तेव्हा मला त्यांच्या दंडावरचे निळे डाग दिसले.

"हे काय चाचा?"

"कुठं तरी आपटलं आसंल."

"आणि हिरड्या? हिरड्यांतून रक्त येतं?"

"ब्रश कडक हाय गो."

 त्या दिवशी मी ती नळी फेकली नाही. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मशीनला लावली. मग काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. रक्त गोठवणाऱ्या पेशी शोधाव्या लागत होत्या. आणि ज्या पेशी रक्तात दिसायलाच नकोत, त्या दाटीवाटीने बसल्या होत्या. एवढी वर्षं हे काम करते आहे, मला कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन करून चाचांना एकट्यांना बोलावलं. ते आले ते शर्कच्या बाजारातून माझ्यासाठी पापलेट घेऊन! मी एका कोऱ्या कागदावर आकडे लिहून ठेवले होते. वाईट आकड्यांभोवती लाल गोल, जसे मी बाबांच्या कार्डावर करते तसेच. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, रक्ताच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा. नाव मात्र घातलं नाही. नोंद न करता केलेली तपासणी, उद्या माझ्यावर शेकली तर? ही माझी हुशारी.

चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं. "किती दिवस?" एवढंच विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील. पण आज जा. आत्ता जा. प्रवासाला मुळीच जायचं नाही."

"परवा इमान हाय."

"चाचा, मरायचंय का तुम्हाला? साधी जखम झाली तरी रक्त थांबायचं नाही!" मी अक्षरशः ओरडले.

"हळू बोल. अगो, आजारी नोकराला कोन ठेवतो? माजा अकामा, इथं ऱ्हायाचा परवाना, रद्द करून पयल्या इमानानं गावाला. नि बाबांचं काय? माज्याबिगर ते पानी पन तोंडाला लावत नायत. दोन महिने जाऊ देत. आलो की तू म्हणशील तिथं येतो." मग कागदाची बारीक घडी करत म्हणाले, "बाबांना सांगायचं नाय. तुला तुज्या लेकीची शपथ."

लेकीची शपथ! मला इतका राग आला की पापलेटांची पिशवी त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटली. बाबांच्या मुलाचा नंबर आमच्या वहीत होता. ते गेल्यावर मी तो लावला. एकदा घंटा वाजली आणि मी फोन ठेवून दिला. शपथ होतीच, पण खरं सांगते, मला माझ्या नोकरीची भीती वाटली. शपथेच्या आड लपायला बरं पडलं.

पंधरा दिवसांनी चाचांचा फोटो आला. निळा समुद्र, कोवळं ऊन, बाबा खुर्चीत आणि मागे चाचा हसताहेत. खाली लिहिलं होतं, हवा गोड हाय. मी फोटो मोठा करून बघितला. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ओढून गुंड्या लावलेल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी गुंडी लावलेलं पाहिलं नव्हतं.

नंतर मी रोज विचारायचे, कसे आहात? आधी "मस्त" असं उत्तर यायचं. मग माझे निरोप पोचायचेच बंद झाले.

बाबा आले ते धुळीची वादळं सुरू झाल्यावर. चाकाची खुर्ची ढकलत होता एक पन्नाशीचा नेपाळी माणूस. मी त्यांच्या मागे बघितलं, दाराकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांनी नेपाळ्याला हाताने बाहेर थांबायला सांगितलं.

"सुबह का टाइम था," ते म्हणाले. "मैंने बोला, जा, देख पानी ठंडा है क्या."

दगड ओले होते. चाचा घसरले, डोकं जरासं आपटलं. उठून हसत परत आले. म्हणाले, पाणी गार आहे, आज नको. संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. गावाला न्यायचं तर कागदपत्रांना खूप दिवस लागले असते, आणि गावाहून बायको फोनवर म्हणाली, मातीला उशीर करू नका. शहराबाहेर मुसलमानांचं कबरस्तान आहे, तिथे ठेवलं.

मना पन नाय ऱ्हायाचं तिथं, बाय. माझ्या कानात तेवढंच वाजत राहिलं.

"मेरा कपड़ा उसको दिया," बाबा म्हणाले. "मैंने खुद खोला." आणि झग्याच्या खिशातून त्यांनी एक कागद काढून टेबलावर ठेवला. बारीक घडी घातलेला. कापराचा वास मारत होता. लाल गोल माझेच.

जी घडी मेल्याशिवाय कुणी उघडणार नाही, तिच्यात चाचांनी तो कागद लपवला होता.

"यह मेरा है ना?" बाबांचा आवाज खाली आला. "तेरा लाल पेन मैं पहचानता है. मेरे कपड़े में था, तो मेरा ही है. वो मेरे से छुपाया, मैं डरेगा करके." मग म्हणाले, "मैंने बेटे को भी नहीं बोला. कितना दिन है?"

म्हणजे तेव्हापासून हा म्हातारा आपलं मरण खिशात घेऊन एकटाच बसला होता. माझ्या त्या हुशारीमुळे. कागदावर नाव असतं तर?

शपथ अजून होती. पण ज्यांनी घातली ते आता तिथे, त्या गोड हवेत.

"बाबा, तुमचा नाही," मी म्हटलं. तोंडातून मराठीच आली. मग सावरून सांगितलं, "आपका नहीं है. उनका है. स्पेन जाने से दो दिन पहले का."

बाबांनी लाल गोलांवरून बोट फिरवलं. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"उसको मालूम था?"

"हाँ."

"तेरे को?"

"हाँ."

ते ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला आणि खिशात ठेवला. तोवर नेपाळी माणूस आत डोकावला. घरून त्याला शिकवून पाठवलं असावं, कारण येता येताच तो सदऱ्याची बाही वर सारत होता.

बाबांनी हात उचलून त्याला थांबवलं. मग स्वतःच्या झग्याच्या मनगटावरची गुंडी काढली, डावी बाही कोपराच्या वर नेली आणि हात टेबलावर सरळ ठेवला. या खेपेला मान फिरवली नाही.

"पैला माजा," ते म्हणाले.