एकाच टूलला दिसलेला आरएनए

उसाचं पाणी तोडलं की पानांतले काही इवले आरएनए, म्हणजे मायक्रोआरएनए, वाढतात, काही कमी होतात. ते कोणते, हा माझ्या पीएचडीचा विषय. सिक्वेन्सिंगचा, म्हणजे आरएनएचे तुकडे वाचून मिळालेला, डेटा तीन सॉफ्टवेअर टूल्समधून चालवून कुठलं भरवशाचं ते ठरवायचं, एवढा शेवटचा चॅप्टर उरला होता.

तिन्ही टूल्सनी तीन याद्या दिल्या. शेजारच्या टेबलावरचा कागलकडचा सीनियर स्क्रीनवर वाकून म्हणाला, "जेवान एकच, आन् तीन पावण्यांची तीन मतं की! एक म्हणतंय मीठ जास्त, एक म्हणतंय मीठच न्हाय." आणि चहाला गेला.

अडचण एकाच आरएनएची होती. याआधी कुणी न नोंदवलेला, आणि फक्त तिसऱ्या टूलला दिसलेला. माझ्या गाईड मॅडमनी पीएचडी कमिटीला तो सांगूनही टाकला होता. यंदाचं माझं सबमिशन त्याच्यावरच उभं होतं.

मी मूळ डेटा उघडून बघितला. खरा मायक्रोआरएनए असला की त्याचे तुकडे एकाच जागी सुरू होतात, एकावर एक नीट बसतात. इथले कुठूनही सुरू झालेले. मोठा रेणू तुटून पडलेला नुसता चुरा. दोन टूल्सनी तो गाळला होता, तिसऱ्यानं मोजला होता.

बरेच दिवस मी मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत जायचे आणि कूलरचं पाणी पिऊन परत यायचे. शेवटी त्या विस्कटलेल्या तुकड्यांचं चित्र मॅडमना मेल केलं. त्यांनी आत बोलावलं.

"हे नुसतं दाखवतेयस, की काही सांगतेयस?"

"सांगतेय."

"मग तोंडानं सांग."

इंग्रजीत सुरू केलं, मधेच कधीतरी मराठीत आले. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले.

"कमिटीसमोर म्हणशील हे? मी सांगून बसलेय त्यांना."

"म्हणेन."

"मग यंदा सबमिशन नाही. नवा डेटा लागेल. परत ऊस लाव, परत पाणी तोड."

"हो, मॅडम."

बरं झालं आत्ताच बघितलंस, असं काहीतरी त्या म्हणतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "जाताना दार लाव."

जागेवर येऊन तो आरएनए निकालांतून काढला आणि तिसऱ्या टूलच्या चुकांत टाकला. मग उसाच्या बेण्यासाठी कुणाला फोन करायचा ते शोधलं. नंबर मिळाला. फोनवर काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं.