सोमवारचा घाणा

बोल्ट दोन तऱ्हांनी करता येतो. जाड सळई लेथवर लावून कातायची आणि नको असलेलं पोलाद चुरा म्हणून फेकून द्यायचं, ही एक तऱ्हा. दुसरीत फेकण्यासारखं फारसं काही उरत नाही. सळईचं टोक भट्टीत पिवळं होईपर्यंत तापवायचं, प्रेसखाली धरायचं, दाबून सहा बाजूंचा माथा बसवायचा आणि नंतर दोन रोलरमध्ये दाबून तिच्या अंगावर आटे उठवायचे. वेळूची कांब कापली की तिच्यातल्या रेषा तुटतात, वाकवली की रेषाही वळतात. पोलादाचं तसंच आहे. जिथं डोक्यावर काही टांगायचं असेल तिथं हा दुसरा, दाबलेला बोल्ट लागतो.

२०१८ साली दोह्यात पुष्कळ काही टांगलं जात होतं. विश्वचषकाला चार वर्षं उरली होती. स्टेडियमची नावं सगळ्यांना माहीत होती; त्यांच्या आसपासची सराव मैदानं, पादचारी पूल, दिव्यांचे मनोरे यांची यादी कोणी पाठ केली नव्हती. इंडस्ट्रियल एरियातल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात या सगळ्यांसाठी बोल्ट दाबले जात आणि तिथल्या भट्टीवर रंगनाथ जगदाळे होता.

रंगनाथ मूळचा कडेगावकडचा. कुपवाडच्या एमआयडीसीत तो भट्टीचं काम शिकला आणि पाच वर्षांपूर्वी कतारला आला. वय बेचाळीस. उजव्या हाताचे केस त्याच्या बायकोने, दुर्गाने, लग्नानंतर कधी वाढलेले पाहिले नव्हते. भट्टीच्या दारात ते जळून जात. बोलायला कमी, हिशेबी, थोडा भित्रा. भट्टीवर भित्रा माणूस चांगला, असं कुपवाडचा त्याचा मिस्त्री म्हणे.

त्या वर्षी रमजान मे महिन्यात लागला. प्रेसवरचे, रोलरवरचे, क्रेनवरचे सगळे रोजेदार. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली की प्रेस थांबे आणि मंडळी मागच्या शेडमध्ये इफ्तारला बसत. भट्टीपाशी कोणीतरी रोजा नसलेला हवा, म्हणून त्या महिन्यात रंगनाथला संध्याकाळची पाळी दिली होती. नियम सोपा होता. प्रेस थांबली की भट्टीतला घाणा, म्हणजे एका वेळी तापायला घातलेल्या सगळ्या सळया, सांडशीने ओढून जमिनीवर टाकायचा. इफ्तार संपली की पुन्हा भरायचा. वेळ जातो, तेल जातं, पण पोलाद वाचतं.

प्रेस चालवणारा मजीद पेशावरचा. दांडगा, मोठ्याने हसणारा. रंगनाथ सोमवार धरतो हे त्याला कळलं तेव्हापासून त्याला चिडवायचा एक विषय मिळाला होता.

"पानी पीता है, चाय पीता है, और बोलता है उपवास है," तो म्हणे. "ये तो डिस्काउंट वाला रोज़ा है, रंगा भाई."

"भट्टी के सामने खड़ा होके दिखा बिना पानी के. फिर बोल."

"मैं प्रेस पे खड़ा हूँ. वहाँ क्या एसी लगा है?"

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी मजीद अजानच्या आधीच हात धुऊन आला. पेशावरला त्याला मुलगी झाली होती. दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मदच्या बाजारातून त्याने सगळ्यांसाठी खजूर, फळं आणि मोठं पातेलंभर बिर्याणी आणली होती. जेवण त्याने मागच्या शेडमध्ये न नेता प्रेसच्याच बाजूला मांडलं, कारण तिथं मोठा पंखा होता. प्रेसजवळ खाणंपिणं ठेवायला बंदी होती. याच गोष्टीसाठी मजीदला एकदा लेखी ताकीद मिळाली होती आणि दुसऱ्या वेळी घरी पाठवू, असं मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मॅनेजर त्या दिवशी बाहेर गेला होता.

"आ जा," मजीद म्हणाला. "आज तो तेरा भी रोज़ा है. दोनों का साथ में खुलेगा."

"घाणा अंदर है."

"पाँच मिनट. आग कम कर दे. मेरी बेटी की दावत है, तू नहीं बैठेगा तो मैं भी हाथ नहीं लगाऊँगा."

रंगनाथने तेलाचा वाल्व अर्ध्यावर आणला आणि जाऊन बसला. उपास त्याने खजुराने सोडला. बिर्याणी खाल्ली नाही. केळी खाल्ली, सरबत प्यायलं, मोबाइलवर मुलीचा फोटो पाहिला. सगळ्यांनी नाव सुचवायला सुरुवात केली. मजीदने ते आधीच ठरवलं होतं, मुनीरा. पाच मिनिटं कधी उलटली ते कोणी पाहिलं नाही.

परत येऊन त्याने भट्टीचं दार वर केलं तेव्हा आत पिवळा रंग नव्हता, पांढरा होता. आग अर्धी असली तरी बंद दाराआड सळया तापतच गेल्या होत्या. ज्योतीसमोरच्या काही सळयांच्या टोकांवर फुलबाजीसारख्या ठिणग्या फुटत होत्या. त्या जळाल्या होत्या. त्यात शंका नव्हती. त्या त्याने ओढून भंगारात टाकल्या.

"बाकी?" मजीदने विचारलं. तो प्रेसपाशी उभा राहिला होता, क्रेनवालाही आला होता.

रंगनाथने उरलेल्या सळयांकडे पाहिलं. रंग हळूहळू उतरत होता. "ठंडा होने दे," तो म्हणाला. रंग नेहमीच्या पिवळ्यावर आला तेव्हा त्यांनी माथे दाबले. बोल्ट दिसायला सारखेच झाले आणि पेटीत त्या दिवशीच्या इतर घाण्यांवर जाऊन पडले.

रंग उतरतो, पण पोलादात जे झालं ते तसंच राहतं, हे त्याला ठाऊक होतं. जास्त तापलं की आतले बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, खडीसाखरेसारखे. असा बोल्ट ओढला तर धरतो. कडकपणाच्या यंत्रावर पास होतो. जोराचा झटका बसला तर मात्र कणाकणाच्या सांध्यात तुटतो. कधी, ते सांगता येत नाही. कदाचित कधीच नाही.

पुढे आटे उठले, पोलाद कडक करायला पाणी दिलं गेलं, तपासणी झाली. कारखान्याची क्वालिटी इंजिनिअर उल्का देवधर हिने नियमाप्रमाणे पेटीतून नमुने काढले, ताणून पाहिले, तोडून पाहिले. पास. पेटी ट्रकवर चढली. रंगनाथने मनात एक वाक्य तयार केलं होतं: जे बिघडले ते मी फेकले. पुढचे दिवस तो हे वाक्य वापरत होता. ते जेवताना उपयोगी पडे, बसमध्ये पडे, अंथरुणावर पडल्यावर पडत नसे.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी श्यामचा फोन आला. श्याम त्याचा साडू, दुर्गाच्या धाकट्या बहिणीचा, लताचा नवरा. त्याला कतारला रंगनाथनेच आणलं होतं. तो लोखंडी सांगाडे उभे करणाऱ्या टोळीत होता.

"साडूभाऊ, तुमचे बोल्ट आलेत आमच्याकडं. पेटीवर तुमच्या कंपनीचा शिक्का बघितला आणि म्हणलं, बघा, इथंपण सासरवाडीची माणसं पाठ सोडत न्हाईत."

"कुठं?"

"अझीझियाजवळ. सराव मैदान हाय, तिथलं बसायच्या जागेवरचं छत. लोंबतं छत, एका बाजूला खांबच न्हाई."

"पेटी कवाची हाय?"

"शिक्क्याखाली गेल्या आठवड्यातल्या सोमवारची तारीख हाय."

"लावले किती?"

"निम्मं छत झालं. का वो?"

"आवळताना काही आवाज येतो का? कट्‌ असा?"

श्याम हसला. "बोल्ट दिलाय का पोरगी दिलीय? सुखात हाय का, जेवते का, सगळं इचाराय लागलाय."

"तू वर असतोस?"

"मग काय खाली बसून छत लावतात? पट्टा असतोय की कमरंला. उद्या सुट्टी. शनवारी पत्रे चढायचे, मग भार पडंल."

त्या दिवशी रंगनाथने डबा न खाताच परत आणला, ओतून टाकून धुतला. बोलायचं तर आधी एकच प्रश्न येणार होता, भट्टी सोडून कुठं गेला होतास? त्याचं उत्तर प्रेसशेजारी मांडलेल्या पातेल्यापाशी जात होतं. मजीदला दुसरी ताकीद मिळणार नव्हती, तिकीट मिळणार होतं. न बोलावं तर शनिवारी श्याम त्या छतावर. लताचा चेहरा त्याला आठवायचा नव्हता, तोच आठवत राहिला.

शुक्रवारी दुपारी तो कर्वाच्या सरकारी बसने अझीझियाला गेला. मैदानाला कुंपण होतं. छताचा सांगाडा कुंपणावरून दिसत होता, लांब हात बाहेर काढल्यासारखा. सांध्यांवर बोल्टांचे माथे ठिपक्यांएवढे होते. यातला कोणता सोमवारचा, ते खालून कळणार नव्हतं. वर चढून, हातात घेऊनही कळलं नसतं. सगळ्यांचे माथे त्याच डायने, एकाच साच्याने दाबले होते. रस्त्यावर सावली नव्हती. सुरक्षारक्षकाने दोनदा त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो निघाला.

उल्का देवधर तिथून जवळच राहत होती. दिवाळीला तिने कारखान्यातल्या मराठी माणसांना फराळाला बोलावलं होतं, म्हणून घर माहीत होतं. दार तिच्या मुलीने, ईराने उघडलं.

"मॅडम आहेत का?"

"मम्मा, देअर्स अन अंकल," ती आत बघून ओरडली, मग त्याला म्हणाली, "शी इज कमिंग."

उल्का हात पुसत आली. "रंगनाथभाऊ? या ना. काय झालं? चहा घेणार?"

"नको. त्या अझीझियाच्या पेटीतला एक घाणा जास्त तापला होता, मॅडम."

ती बसली नाही. "किती जास्त?"

"टोकांवर ठिणग्या होत्या. त्या सळया फेकल्या मी. बाकीच्या थंड करून दाबल्या."

"माझे नमुने चांगले आलेत."

"नमुन्यात त्या घाण्यातला आला असेल, नसेल. वरचे खालचे सगळे मिसळलेत."

तिने खुर्ची ओढली. ती नाशिकची, आवाज न चढवता बोलायची सवय. "इतके दिवस थांबलात."

"हो."

"आज का?"

"साडू आहे वरती. उद्या पत्रे चढवणारेत."

"साडू नसता तर?"

आतून मिक्सरचा आवाज आला आणि थांबला. तिने उत्तराची वाट पाहिली नाही, फोन उचलला. साइटवरच्या माणसाशी ती इंग्रजीत बोलली, नंतर आणखी एकाशी, आणि तिसऱ्या वेळी बराच वेळ फक्त ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "पत्रे थांबलेत. उद्या सकाळी काही बोल्ट काढून आणतील. आता मला सांगा, भट्टी सोडून कुठं गेला होतात?"

हा प्रश्न येणार हे त्याला बसमध्ये माहीत होतं. "उपास सोडायला," तो म्हणाला. "सोमवार होता."

"उपास."

"हो. खजूर खाल्ला, केळी खाल्ली."

"एकटेच?"

"उपास माझा होता, मॅडम."

उल्काने त्याच्याकडे पाहिलं. रमजानमध्ये प्रेस कधी थांबते, तेव्हा कोण कुठं बसतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. "मला मॅनेजरना हेच सांगावं लागेल," ती म्हणाली. "एवढंच."

शनिवारी काढून आणलेले बोल्ट तिने खाच पाडून झटका देणाऱ्या यंत्राच्या लंबकाखाली ठेवले. पहिला वाकला, राखाडी, तंतुमय तुटला, चांगला. दुसरा चांगला. तिसरा लंबकाला जवळजवळ न अडवता दोन तुकडे होऊन पडला. तुटलेल्या तोंडावर कण चमकत होते. चौथा चांगला आला, तरी आता त्याने फरक पडत नव्हता. पेटी पूर्ण परत बोलावली गेली, छतावर लागलेल्या बोल्टांसकट.

मॅनेजरने रंगनाथचा करार ईदनंतर बघू असं सांगितलं. तोवर नवी पेटी तयार करायची होती आणि भट्टीवर दुसरा माणूस नव्हता.

श्यामचा फोन आला तेव्हा तो वैतागलेला होता. "लावलेलं सगळं उलटं काढाय लावलंय. कोणी केलं वो हे?"

"मी."

"बरं," श्याम म्हणाला. "मग नीट करा आता. लताला नका सांगू." त्याने फोन ठेवला.

मजीदला गोष्ट कळली ती रविवारी. तो रागावला, पण रंगनाथला वाटलं होतं त्या कारणासाठी नाही.

"मेरा नाम क्यों नहीं लिया? दावत मेरी थी. बुलाया मैंने."

"भट्टी मेरी थी."

"मेहमान के सर पे इल्ज़ाम डाल के मैं घर बैठूँ? मैं जाता हूँ मैनेजर के पास."

"जाएगा तो दो टिकट कटेंगे. एक से काम चल रहा है." रंगनाथने सांडशी उचलली. "मुनीरा का खर्चा कौन देगा, तेरा बाप?"

"मेरा बाप मर गया है."

"तो फिर."

मजीद गेला नाही. त्या दिवशी तो रंगनाथशी पुन्हा बोललाही नाही.

दुसऱ्या दिवशी रमजानचा शेवटचा सोमवार होता. संध्याकाळी नव्या पेटीचा घाणा भट्टीत होता. अजान झाली, प्रेस थांबली. रंगनाथने सळया ओढून जमिनीवर टाकायला सुरुवात केली, एकेक, घाई न करता. मागच्या शेडमध्ये ताटं वाजत होती. शेवटची सळई बाहेर येईपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही.

पाहिलं तेव्हा मजीद उभा होता, प्रेसच्या पलीकडे, खाण्याला बंदी असलेल्या हद्दीबाहेर. हातात दोन खजूर. त्याने स्वतः अजून काही तोंडात घातलेलं नव्हतं. ओठ कोरडे होते.

"आ जा," तो म्हणाला. "या मैं आऊँ?"

रंगनाथने भट्टीकडे पाहिलं. ती रिकामी होती. तरी त्याने वाल्व बंद आहे का ते हाताने चाचपलं, पुन्हा एकदा चाचपलं, आणि मग हद्द ओलांडून गेला. खजूर त्याने उभ्यानेच खाल्ला, तोंड भट्टीच्या दाराकडे ठेवून.